एसी नसलेल्या खोलीतला प्रोसेसर

मी प्रोसेसर तापवते. पगार त्याचाच मिळतो.

लग्नाच्या हॉलमध्ये कुणी विचारलं की मी असंच सांगते. समोरचा माणूस हसतो आणि म्हणतो, "म्हणजे कॉम्प्युटर रिपेअर?" नाही हो. रिपेअरवाला बिघडलेलं नीट करतो. मी नीट असलेलं दमेपर्यंत राबवते, आणि ते कधी दमलं, कशाने दमलं, दमल्यावर कसं वागलं ते लोकांनी विकत घेण्याआधी वाचावं म्हणून लिहून काढते. अंधेरीच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली मिरची कांडतात, वर आम्ही प्रोसेसर भाजतो. ठसका दोन्ही मजल्यांवर सारखाच.

या धंद्यात मी इंजिनिअरिंगमधून आले हे खरं, पण शिकून आले ते पत्रकांमधून. घाटकोपरला आमची वस्ती टेकडीवर. पाण्यासाठी, वाचनालयाच्या जागेसाठी, रात्री बंद राहणाऱ्या दिव्यांसाठी मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आले. शिकवणारे आमचे कांबळे काका. माझं पहिलं पत्रक त्यांनी वाचलं आणि परत दिलं. "प्रज्ञा, हे पत्रक नाही, हा ताप आहे. आधी काय झालं ते लिही. मग कुणी केलं ते. शिव्या शेवटी, जागा उरली तर." आणखी एक सांगायचे: "एक आकडा खोटा निघाला ना, की लोक पाणी विसरतात आणि तो आकडाच धरून बसतात." माझ्या नोकरीचं सगळं प्रशिक्षण या दोन वाक्यांत झालं. बाकी स्क्रू कुठल्या दिशेने फिरवायचा, ते कुणीही शिकवतं.

प्रोसेसर म्हणजे काय, ते एकदाच सांगते. पंगतीचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसरमध्ये कोअर असतात, त्या शेगड्या समजा. साध्या मशीनमध्ये मोजक्या शेगड्या, भारी मशीनमध्ये ओळच्या ओळ. शंभर पोळ्या करायच्या तर जास्त शेगड्या कामाला येतात. पण एकच पातेलं दूध आटवायचं असेल तर? बाकीच्या शेगड्या नुसत्या बघत बसणार. त्यामुळे "सगळ्यात भारी कुठला?" या प्रश्नाला उत्तर नसतं. आधी सांगा, रांधायचं काय आहे.

हे लोकांना पटत नाही. बोरिवलीचे एक काका आले होते. "मुलगा बारावीला आहे. सगळ्यात भारी प्रोसेसर सांगा."

"कशासाठी लागतो?"

"अभ्यासासाठी."

"अभ्यास मुलगा करणार की प्रोसेसर?"

काका उठून गेले. मुलुंडचे एक ज्योतिषी मात्र बसले. त्यांना पत्रिका जुळवायला वरच्या टोकाचा प्रोसेसर हवा होता. मी म्हटलं, पत्रिका तर जुन्या फोनवरही जुळते. ते म्हणाले, "ताई, जुळते हो. पण आलेल्या माणसाला मशीन भारी दिसायला नको का?" त्यांना मी रंगीत दिवेवाला कॅबिनेट सुचवला आणि आत साधा प्रोसेसर. ते खूश, त्यांचे ग्रहही खूश असावेत. अजून दिवाळीला चिवडा पाठवतात.

आता चाचणी कशी करतात ते. नवा प्रोसेसर बाजारात यायच्या आधी कंपनी आमच्यासारख्यांना नमुना पाठवते. आम्ही तो उघड्या लाकडी टेबलावर मांडतो, कॅबिनेट नाही, दारं नाहीत. त्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठिपका, त्यावर पंखेवाला मोठा कूलर, आणि द्यायचा कामाला जुंपून. पहिली फेरी आम्ही फेकून देतो. पहिल्या फेरीत कूलर थंड असतो, प्रोसेसर ताजा असतो, तो धावतोच. नव्या नगरसेवकासारखं असतं ते. निवडून आल्याच्या आठवड्यात तोही गटारात उतरून फोटो काढतो. खरं काय ते पुढच्या फेऱ्यांत कळतं. फार तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. याला थ्रॉटल म्हणतात. मी त्याला दम लागणं म्हणते.

सगळं शास्त्रशुद्ध. आणि हे सगळं होतं कुठे? एसीत. आमच्या गाळ्याचा एसी इतका गार असतो की पाठारे सर, म्हणजे आमचे मालक आणि माझे गुरू, श्रावणातही स्वेटर घालतात. जगभर हीच पद्धत आहे म्हणे. तापमान सारखं राहिलं नाही तर तुलना होत नाही. मुद्दा बरोबर आहे. पण त्या तुलनेवर विसंबून प्रोसेसर विकत घेणारा माणूस राहतो कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. मीसुद्धा नाही, नीलिमा येईपर्यंत.

नीलिमा सावंत मालाडची. मालिकांसाठी संगणकावर देखावे बांधते. पडद्यावर नायिका किल्ल्याच्या बुरुजावर उभी असते ना, तो बुरूज नसतोच, हिरव्या कापडापुढे उभी असते ती. मागचा बुरूज, खालचा समुद्र, उडणारे बगळे, हे नीलिमाचं. देखावा बांधून झाला की प्रोसेसर त्याची एकेक चौकट रंगवत बसतो, पडद्यावरच्या एका सेकंदाला पंचवीस चौकटी. यालाच रेंडर म्हणतात, आणि इथे जितक्या शेगड्या तितक्या कमी. म्हणजे भारी प्रोसेसर मागायचा खरा हक्क ज्यांना आहे, त्यांतली ती एक.

ती आली तेव्हा आमच्याकडे त्या वर्षीचा सगळ्यात चर्चेतला प्रोसेसर नमुना म्हणून आला होता. माझा अहवाल जवळजवळ लिहून झाला होता. आलेख तर असा होता की त्याची पट्टी कागदाबाहेर जाईल. नीलिमाने तो पाहिला आणि विचारलं, "हा माझ्या घरात चालेल का?"

"चालेल की. का नाही चालणार?"

"घरात एसी नाही. लावताही येत नाही. आईला एसीची हवा लागली की खोकला सुरू होतो, रात्रभर थांबत नाही. मशीन तिच्या खाटेला लागूनच ठेवावं लागणार, दुसरी जागाच नाही. आणि ते दिवसभर रेंडर करत बसणार."

मग तिने बाकीचं सांगितलं. आई घरात पडली होती. हाड जोडलं, पण आता एकटी ठेवता येत नव्हती. नीलिमा अंधेरीच्या एका स्टुडिओत नोकरीला, शेजारीण दुपारी डोकावून जायची, पण आता तिची सून बाळंत झाली. स्टुडिओच्या मालकाने सांगितलं होतं, "घरून जमव. गणपतीपर्यंत बघू. काम वेळेत आलं तर खुशाल घरून कर. नाही तर मला खुर्ची भरावी लागेल." माणूस वाईट नव्हता, पण खुर्ची भरणार होता.

"मला सांग," नीलिमा म्हणाली, "तुमच्या आलेखात माझी खोली कुठे आहे?"

नव्हती. आणि ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही, आलेखावर. मुंबईत बसून आम्ही मुंबईतल्या माणसाला सांगत होतो की हा प्रोसेसर नंबर एक आहे, आणि कुठे? जिथे स्वेटर घालावा लागतो तिथे!

मी पाठारे सरांकडे गेले. "सर, सँपल मालाडला न्यायचंय."

"सँपल ऑफिसबाहेर जात नाही, प्रज्ञा."

"प्रोसेसर ऑफिसबाहेरच जाणार आहे सर. विकल्यावर."

त्यांनी स्वेटरची गुंडी फिरवली. "ने. पण तो डबा हरवला ना, तर तूपण हरव. परत येऊ नकोस."

मालाडला नीलिमाची खोली एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, खिडकीशी आईची खाट आणि खाटेच्या उशाशी नीलिमाचा कॅबिनेट. वरच्या बाजूला जाळी असलेला, गरम हवा वर सोडणारा, चांगला होता. आत मी आमचा नमुना बसवला, आमचा बोर्ड, आमचा कूलर. नीलिमाने समुद्राचा देखावा रेंडरला लावला.

थोड्या वेळात पंख्यांनी सूर धरला. मग तो सूर चढला. मग नीलिमाच्या आईने खाटेवरून मान वळवली. काकी मूळच्या मालवणकडच्या, त्यांचे यजमान लालबागला गिरणीत होते.

"काय गो चेडवा, घरात गिरण हाडलंस काय?"

"काकी, टेस्टिंग आहे. थोडा वेळ."

"ह्यांचे कान गिरणीन खाल्ले. आता माझे उरलेत ते ह्या खोक्याक देवचे?"

नीलिमा ओशाळली. मी आकडे बघत होते, आणि मीही ओशाळायच्याच मार्गावर होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन टेकला होता आणि दम खात होता. गाळ्यात जो सगळ्यांच्या पुढे पळत होता, तो इथे त्याच्या खालच्या, साध्या भावंडाच्या बरोबरीने चालला होता. आणि वरून खोली तापवत होता. काकींच्या कपाळावर घाम, नीलिमाच्या पाठीला कुर्ता चिकटलेला.

"मग हा नको घेऊ?" नीलिमाने विचारलं. ती आलेखाकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

"थांब," मी म्हटलं. "अजून काही मोजायचंय."

कारण एक गोष्ट मला जमत नव्हती. वेग दुपारी पडला तो समजला, पण संध्याकाळी तो आणखी पडला. खोली तर संध्याकाळी जरा थंड झाली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारभर एका पातळीवर धापा टाकणारा प्रोसेसर संध्याकाळी अचानक बसायचा. मी पेस्ट काढून परत लावली. कूलर काढून परत बसवला. वीज कमीजास्त होते का ते पाहिलं. काही नाही. हे आकडे मशीनच नोंदवून ठेवायचं, कारण संध्याकाळी मी घरी निघालेली असायचे आणि नीलिमा खाली दूध, भाजी आणायला गेलेली. मशीन आणि काकी दोघंच.

तिसऱ्या खेपेला मी संध्याकाळी घरी गेलेच नाही. नीलिमा पिशवी घेऊन खाली उतरली, मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसून राहिले. काकी उठल्या, वॉकर धरून ओट्यापर्यंत गेल्या, डब्यातून काहीतरी काढलं, मोठ्या स्टीलच्या ताटात पसरलं, एका हाताने ताट आणि एका हाताने वॉकर असं सांभाळत परत आल्या, आणि ताट अलगद कॅबिनेटच्या जाळीवर ठेवलं. मग समाधानाने खाटेवर बसल्या.

"काकी, हे काय?"

"पापड."

"ते दिसतंय. इथे का?"

"मगे खय ठेवू? तुझ्या डोक्यार?"

"पण..."

"सादळले हत गो. हय बरी ऊब येता. शेंगदाणेय मस्त होतत."

एवढ्यात नीलिमा आली. ताट बघून तिने हातातली पिशवी दारातच ठेवली. "आई! हे रोज ठेवतेस तू?"

"रोज खय? ऊन नसला तरच."

"श्रावणात ऊन असतं कधी गं?"

"मगे रोजच म्हण," काकी म्हणाल्या आणि एक पापड मोडून मला दिला. कुरकुरीत झाला होता. खोटं कशाला बोलू.

मशीन धापा टाकत होतं, पंखे किंचाळत होते, आणि आम्ही तिघी पापड खात होतो. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने हा दोष शोधून काढला नसता, कारण त्यांच्या टेबलावर काकी नाहीत.

नीलिमा म्हणाली, "उद्यापासून नाही ठेवणार ती. मी बघते."

मी म्हटलं, "ठेवणार. तू खाली गेलीस की ठेवणार. आणि का नाही ठेवायचे त्यांनी? मशीन या घरात आत्ता आलंय. काकी आधीपासून आहेत, पापडही आधीपासून आहेत. सोय कुणी करून घ्यायची?"

"बराबर," काकी म्हणाल्या. "ह्या चेडू शाणा आसा."

घाटकोपरला नळाच्या रांगेत मी हेच शिकले होते. लोकांनी कसं वागावं याची पाटी लावून काही होत नाही. लोक जसे वागतात त्याला नळ पुरला पाहिजे. प्रोसेसरलाही तोच नियम. ताट काढायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. ताटासकट चालला तर चालला म्हणायचा.

मशीन सुरू होताना एक सेटिंगचं पान उघडता येतं, बायोस म्हणतात त्याला. तिथे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज ओढायची ते ठरवता येतं. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये ही मर्यादा जवळजवळ मोकळी सोडलेली असते, जितकी ओढता येईल तितकी ओढ म्हणून. मी ती खाली आणली. चांगली अर्ध्याच्याही खाली. नीलिमा बघत होती. "आता वेगही अर्धा होणार ना?"

"बघू."

समुद्र परत लावला. पंखे सुरू झाले, थोडे वाढले आणि तिथेच थांबले. वाट बघितली, चढले नाहीत. काकींनी छतावरच्या पंख्याकडे बघितलं, आवाज त्याचाच होता. रेंडर संपला तेव्हा मी वेळ पाहिली, आणि परत पाहिली, आणि नीलिमाला बघायला सांगितली. एसीत, उघड्या टेबलावर, मोकाट सोडलेल्या प्रोसेसरला जेवढा वेळ लागला होता, त्याहून किंचित जास्त. किंचितच. ग्लासभर पाणी पिऊन यावं एवढा फरक. आणि याच खोलीत मोकाट सोडला होता तेव्हापेक्षा तर सरळसरळ कमी.

"काकी," मी म्हटलं, "ताट ठेवा."

"आता पापड संपले."

"शेंगदाणे ठेवा."

शेंगदाणे ठेवले. मोकाट प्रोसेसर ताटाखाली बसत होता, लगाम घातलेला ताटाखालीही चालत राहिला. मी ते परत परत केलं. ताटासकट, ताटाशिवाय, दुपारी, संध्याकाळी, खिडकी उघडी, खिडकी बंद. काकींना त्यात गंमत वाटायला लागली. मी दारात दिसले की विचारायच्या, "आज काय ठेवू गो? सोलां ठेवू?" सोलां म्हणजे आमसुलं.

आता माझा राग कशावर, ते सांगते. प्रोसेसर वाईट नव्हताच. उत्तम होता. पण शेवटच्या त्या चिमूटभर वेगासाठी तो दुप्पटीला येईल इतकी वीज ओढतो. ती चिमूट कुणाला हवी असते? तुम्हाला नाही. नीलिमाला नाही. ती हवी असते आलेखातल्या पट्टीला. दोन कंपन्यांच्या पट्ट्या शेजारी उभ्या राहतात आणि एकीची पट्टी नखभर पुढे गेली पाहिजे, म्हणून तुमच्या घरातला पंखा किंचाळतो. त्यात आलेख शून्यापासून सुरूही करत नाहीत, मधूनच सुरू करतात, म्हणजे नखाची वीत दिसते. आणि आम्ही परीक्षक ती वीत मन लावून, रंगीत करून छापतो. एसीत बसून.

हे सगळं मी अहवालात लिहिलं. ताटासकट. छायाचित्रही दिलं, काकींच्या हाताचं आणि पापडांचं. पाठारे सरांनी वाचलं, स्वेटर नीट केला आणि म्हणाले, "प्रज्ञा, 'लुबाडणूक' शब्द काढ."

"का? खोटं आहे?"

"सिद्ध करता येणार नाही. 'अनावश्यक' लिही. ते तू सिद्ध केलंयस."

"पण सर, राग..."

"राग वाचणाऱ्याला येऊ दे की. तू त्याच्याही वाटचा करून बसलीस, तर त्याने काय करायचं?"

मी शब्द काढला. काढताना दात खाल्ले, पण काढला. "आणि ताट?" मी विचारलं.

"ताट राहू दे. ताट सिद्ध आहे."

अहवाल आधी कंपनीला दाखवायची पद्धत आहे, तथ्यात चूक नको म्हणून. कंपनीच्या माणसाचा फोन आला. मवाळ, गोड माणूस. "मॅडम, आमचा युजर कॅबिनेटवर पापड ठेवत नाही."

"मग काय ठेवतो?"

"काहीच नाही."

"मग त्याच्या घरात जागा जास्त असणार. आमच्याकडे प्रत्येक सपाट गोष्टीवर काहीतरी असतं."

तो हसला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "ते छायाचित्र तरी काढता येईल का?" मी फोन सरांकडे दिला. सर म्हणाले, "आकड्यात चूक असेल तर सांगा, आत्ता दुरुस्त करतो." पलीकडून चूक काही निघेना. सरांनी नमस्कार करून फोन ठेवला. त्या दिवशी मला त्यांचा स्वेटरसुद्धा आवडला.

अहवालाच्या शेवटी मी दोनच वाक्यं लिहिली. हा प्रोसेसर उत्तम आहे. तो जसा येतो तसा वापरू नका.

याची किंमत मोजली का? मोजली, आणि त्याचं थोडं वाईट वाटतं, लपवत नाही. कुणी भांडलं नाही, कुणी नोटीस पाठवली नाही. फक्त पुढचा नमुना "उशिरा निघाला". त्याच्या पुढचा निघालाच नाही. आता आम्ही दुकानात जाऊन, सगळ्यांसारखे रांगेत उभे राहून प्रोसेसर विकत आणतो. तोवर बाकीच्यांच्या रील्स येऊन गेलेल्या असतात, हेडफोन लावलेली मुलं "झकास!" म्हणून मोकळी झालेली असतात. आमचा अहवाल येतो तेव्हा वऱ्हाड जेवून गेलेलं असतं. वाचणारे कमी झाले.

पण जे उरले ते काय वाचक आहेत! अहवालाखाली मी सहज विचारलं होतं, तुमच्या कॅबिनेटवर काय असतं? फोटोच फोटो आले. घाटकोपरहून शाळेचे ओले मोजे आले. मुलुंडहून मांजर आलं, जाळीवर पसरून झोपलेलं, चेहऱ्यावर परमानंद. मनोरीहून एकाने लिहिलं, आमच्याकडे खाऱ्या हवेने पंख्याला गंज चढतो, त्याचं बघा ना ताई काहीतरी. बघणार आहे. आता आमच्या प्रत्येक अहवालात दोन आलेख असतात, एक गाळ्यातला आणि एक खोलीतला, आणि दोन्ही शून्यापासून सुरू होतात. मी सकाळी मिरचीच्या ठसक्यातून जिना चढते तेव्हा मला खरंच बरं वाटतं. ज्या गोष्टीवर भांडायचं, तीच गोष्ट मोजायला पगार मिळतो, असं किती जणांना मिळतं?

नीलिमाने तेव्हा तो प्रोसेसर बाजारात आल्याबरोबर घेतला. लगाम मी स्वतः जाऊन घातला. गणपतीच्या आधी स्टुडिओने तिला मोठं काम दिलं, समुद्राचंच, त्यात वादळ आणि बुडणारं गलबत. मालकाने उघड सांगितलं होतं की यावरच ठरवणार. त्या दिवसांत मी फोन केला नाही, उगाच तिच्या जिवाला घोर. फोन काकींचाच आला.

"काय केलंस गो तू त्या खोक्याक?"

"काय झालं काकी? बंद पडलं?"

"बंद खय? पापड होणत नाय त्यार! ऊबच नाय. पयला बरा होता."

"काकी, गलबताचं काम झालं का?"

"माका काय ठाऊक? इचार तिका. माका पापडाचा सांग."

मी म्हटलं, तव्यावर भाजा. त्यांनी फोन ठेवला.

गौरी गेल्यावर मी मालाडला गेले, मोदक द्यायचं निमित्त काढून. दार लोटलेलंच होतं. खोलीत काळोख नव्हता, पण शांत होतं. काकी खाटेवर झोपल्या होत्या, डोकं कॅबिनेटपासून हातभर अंतरावर. नीलिमा जमिनीवर बसून भेंडी चिरत होती. कामाच्या वेळी, घरात, भेंडी. म्हटलं, गेली खुर्ची.

"आज काम नाही?" मी चपला काढत हळूच विचारलं. "मशीन बंदसं वाटतंय."

नीलिमाने विळी बाजूला सारली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. गलबत नव्हतं. नवाच देखावा होता, कुठलासा डोंगर, आणि त्याच्या चौकटी एकामागून एक रंगत होत्या.

"गलबत पास झालं," ती कुजबुजली. "हा पुढचा एपिसोड. सकाळपासून चालूच आहे गं."

मी कॅबिनेटवर हात ठेवला. कोमट होता. कान दिला. खोलीत सगळ्यात मोठा आवाज काकींच्या घोरण्याचा होता.